रात्रीच्या रेडिओग्राफीला निघण्याआधी

तळोजा-पाताळगंगेच्या बाजूला पाइपलाइनचे वेल्ड रेडिओग्राफीने, म्हणजे किरणोत्सारी सोर्सच्या किरणांनी फिल्मवर फोटो काढून, तपासायचे असले की काम बहुधा रात्रीचंच मिळतं, कारण तेव्हा साइट रिकामी असते. तयारी मात्र दुपारी उजेडात करायची, आणि सगळ्यात आधी हातात घ्यायचा तो रेडिएशन मोजणारा सर्व्हे मीटर. कॅमेरा, म्हणजे सोर्स ज्यात बंद असतो ती पेटी, नंतर.

बॅटरी बघा, कॅलिब्रेशनची तारीख वाचा, मग मीटर चालू करून बंद कॅमेऱ्याच्या अंगाला लावा. सोर्स आत असला तरी युरेनियमच्या कवचातून थोडं रेडिएशन बाहेर येतंच. ते दिसलं नाही तर तो मीटर घेऊन निघू नका. जो आकडा दिसेल तो रजिस्टरात लिहून ठेवा, पहाटे लागणार आहे. गाडीत दुसरा मीटर असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. डोळ्यांना दिसत नाही, कातडीला कळत नाही, वास येत नाही, अशा गोष्टीजवळ आपण रात्रभर वावरणार असतो.

टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला लागलेलं रेडिएशन नोंदवणारा बिल्ला, स्वतःचाच आणि छातीवर. माझ्या एका सहकाऱ्याने उकाड्यात जॅकेट काढून कॅमेऱ्याच्या गाडीत टांगलं, बॅज जॅकेटलाच राहिला. पुढे अहवालात भलामोठा डोस आला. त्याच्या अंगाला तो लागलाच नव्हता, पण ते सिद्ध होईपर्यंत त्याला घरी बसावं लागलं, रक्तातली गुणसूत्रं तपासून घ्यावी लागली, आणि घरच्यांची झोप उडाली ती वेगळीच. बॅजचा आकडा काही महिन्यांनी कळतो, म्हणून जोडीला डोस लगेच दाखवणारा खिशातला डोसिमीटर घ्या आणि निघताना शून्यावर आणा.

आता गणित. सोर्समधला इरिडियम-१९२ साधारण ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणून सोर्सची आजची ॲक्टिव्हिटी (किरणोत्साराची ताकद, क्युरीत मोजतात) काढा, आणला त्या दिवसाची नको. २० क्युरीचा सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर ताशी सुमारे १०० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) मिळतात. कामगारासाठी वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे तिथे १२ मिनिटं उभं राहिलात की वर्षाचा कोटा संपला. दहा मीटरवर तोच दर ताशी एक मिलिसिव्हर्ट होतो, शंभर मीटरवर दहा मायक्रोसिव्हर्ट. किरण हव्या त्याच दिशेला सोडणारा कोलिमेटर लावला तर बराच फरक पडतो, तेव्हा तो विसरू नका. कॉर्डनची, म्हणजे लोकांना लांब ठेवणाऱ्या घेऱ्याची, दोरी या हिशोबाने लावा आणि पहिल्या शॉटला, म्हणजे सोर्स बाहेर काढून फिल्म घेताना, दोरीवर मीटर धरून खात्री करा. पाट्या मराठीत आणि हिंदीतही हव्यात, लाल दिवे हवेत, आणि प्रत्येक वाटेवर एक जागा माणूस. साइटवर झोपणाऱ्या मजुरांना आधी स्वतः जाऊन सांगा, पाटीवर भरवसा ठेवू नका.

पिगटेलची, म्हणजे सोर्स ज्याच्या टोकाला असतो त्या छोट्या केबलची, जोडणी गेजने तपासा. गाइड ट्यूब, म्हणजे सोर्स ज्यातून वेल्डपर्यंत जातो ती नळी, हाताने पूर्ण चाचपा, कुठे चेपली असेल तर सोर्स नेमका तिथेच अडकतो. सोर्स आत-बाहेर करणाऱ्या क्रँकची केबल, कुलूप बघा. लांब चिमटा, शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या आणि आरएसओचा (रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याचा) नंबर गाडीत हवाच. सोर्स अडकलाच तर मागे या, कॉर्डन वाढवा, आरएसओला फोन करा आणि तो येईपर्यंत पहारा द्या. लोक लांब असतील तर घाई कसलीच नसते. हात लावायचा विचारही करू नका.

प्रत्येक शॉटनंतर क्रँक पूर्ण फिरला म्हणून सोर्स आत आला असं धरू नका. मीटर घेऊन जा. गाइड ट्यूब, मग कॅमेरा, असं तपासा. पेरूमध्ये यानांगोच्या जलविद्युत केंद्रावर फेब्रुवारी १९९९ मध्ये इरिडियमचा सोर्स कॅमेऱ्यातून सुटून पडला होता. एका वेल्डरने तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि काही तास तसाच बाळगला, घरीही नेला. रात्री फिल्मवर काहीच उमटलं नाही तेव्हा शोधाशोध सुरू झाली. त्याचा पाय कापावा लागला. तो तुकडा दिसायला किल्लीला लावायच्या साखळीसारखा निरुपद्रवी असतो, आणि आपल्याकडेही कुणीही उचलेल.

पहाटे डोळे मिटायला लागतात, तेव्हाच कॅमेरा गाडीत चढवायचा असतो. चढवण्याआधी मीटर लावा, पिटमध्ये, म्हणजे कॅमेरा ठेवायच्या खड्ड्यात, उतरवल्यावर पुन्हा लावा. दुपारी लिहिलेल्या आकड्याशी जुळला की मगच पिटला कुलूप घालून सही करा.