न्यूट्रलला हात लावण्याआधी

आयटीआयची तारतंत्रीची दोन वर्षं संपवून शिकाऊ उमेदवार म्हणून लाइनवर आलो, तेव्हा फेजची, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेची, भीती मनात पक्की बसली होती. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेची, अजिबात नव्हती. वर्कशॉपमध्ये न्यूट्रलला टेस्टर लावला की दिवा लागत नाही, हे दोन वर्षं पाहिलेलं. पहिल्याच पावसाळ्यात त्या न्यूट्रलनेच मला धरलं. आता चौदा वर्षं झाली. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी खांबावर चढवण्याआधी हा प्रसंग सांगतो, कारण घरगुती सर्व्हिसच्या, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या तारेच्या, दुरुस्तीत नवीन माणूस इथेच फसतो.

संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी, जूनचा महिना. तक्रार साधी होती. एका घरात लाइट नाही, शेजाऱ्यांकडे आहे. माझे वरिष्ठ पुढच्या खांबाजवळ तारेवर आलेली फांदी बघायला गेले होते. ते येईपर्यंत बघून ठेवू म्हणून मी शिडी लावली, बेल्ट अडकवला आणि वर गेलो. बघतो तर सर्व्हिस वायरचा न्यूट्रलचा जोड काळा पडून सुटलेला. फेजचा जोड शाबूत. म्हटलं, न्यूट्रलच आहे, पिळून देऊ. डाव्या हातात लाइनचा न्यूट्रल धरला आणि उजव्या हाताने घराकडून आलेलं उघडं टोक उचललं.

झटका एका हातातून दुसऱ्या हातात गेला, छातीतून. हात आखडले, पाय सुटला आणि मी बेल्टवर लोंबकळलो. पाय सुटल्यामुळेच टोक हातातून निसटलं.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या. जोड खांबावर तुटला होता, पण घरात फेज पोचतच होता. मेन स्विच चालू, फ्रिज चालू, दोन दिव्यांची बटणं चालू. फेज फ्रिजमधून, दिव्यांतून पलीकडे येऊन न्यूट्रलच्या तारेत उभा होता. पुढे वाट तुटलेली, म्हणून घरात काही चालत नव्हतं, पण त्या टोकावर 230 व्होल्ट होते. ती तुटलेली वाट मी दोन हातांनी जोडली. घामाने ओल्या शरीराचा रोध हजारएक ओहम धरला, तर त्यातून 200 मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडायला छातीतून 50 ते 100 मिलिअँपिअर गेले तरी पुरतात. 9 वॅटचा एलईडी बल्बसुद्धा साधारण 40 मिलिअँपिअर घेतो.

आणि अशा वेळी तुम्हाला वाचवायला कुठलंही उपकरण येत नाही. डीपीतला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतला, फ्यूज कित्येक अँपिअरचा, त्याला माणूस जाणवतच नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असला तरी तो ट्रिप होत नाही, कारण फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येताना त्याला दिसतो. तो करंट वाटेत माणसातून गेला, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

म्हणून पहिलं काम खांबावर नाही, घरात. दार वाजवायचं, "काकी, मेन स्विच बंद करा, मी सांगेपर्यंत लावू नका" म्हणायचं, आणि बंद झालेला स्वतः डोळ्यांनी बघायचा. इन्व्हर्टर आहे का, जनरेटर लावता का, हेही तिथेच विचारायचं. चुकीच्या जोडणीचा जनरेटर बंद लाइनमध्ये उलटा करंट ढकलतो, आणि तो डीपीपर्यंत पोचला तर ट्रान्सफॉर्मर त्याचे पलीकडे 11 हजार व्होल्ट करतो. सर्व्हिस सोडवताना आधी फेज, मग न्यूट्रल. जोडताना आधी न्यूट्रल, शेवटी फेज. हा क्रम मी घाईत, अंधारात, पावसातही मोडत नाही.

त्यानंतर डीपी. त्या सर्किटचे तिन्ही किटकॅट (हाताने काढता येणारे फ्यूज) काढायचे आणि खिशात ठेवायचे. डीपीच्या पेटीवर ठेवले तर "लाइट कधी येणार" म्हणून आलेला कोणीतरी ते परत बसवू शकतो. मात्र किटकॅट काढले म्हणजे खांब मेला असं नाही. दुसऱ्या सर्किटच्या तारा त्याच खांबावर असतात. रस्त्याच्या दिव्यांची तार वेगळी असते, दिवसभर थंड आणि संध्याकाळी टायमर लागला की जिवंत. कुठे कोणी आकडा टाकला असेल तेही खालून दिसत नाही.

म्हणून तपासणी, आणि ती ज्या जोडावर हात घालणार तिथेच. यात टेस्टरवर माझा भरवसा नाही. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, आणि कोरड्या बांबूच्या शिडीवर उभं राहिलं तर तो इतका मंद लागतो की फसायला होतं. टेस्ट लॅम्प बरा, पण त्यालाही फसण्याची जागा आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लावला आणि न्यूट्रलच तुटलेला असला, तर फेज जिवंत असूनही दिवा लागणार नाही. तेव्हा अर्थिंगशीही तपासा. दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात, म्हणून टेस्ट लॅम्प दोन सारख्या बल्बचा, सिरीजमध्ये. आधी चालू ठिकाणी लावून दिवा लागतो हे बघा, मग आपल्या जोडावर, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या वेळात बल्ब उडालेला असला तर तिसऱ्या वेळी कळतं. एवढं झालं की तारा एकमेकींशी शॉर्ट करून अर्थ करायच्या आणि मग हात घालायचा.

हातमोजे 1000 व्होल्टपर्यंतचे रबरी, वर चामड्याचे. रोज सकाळी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडायची आणि गालाजवळ धरायचं. बारीक छिद्र असेल तर हवा गालाला लागते.

पत्र्याचं घर असेल तर भिंतीला किंवा पत्र्याला हात लावण्याआधी तोही तपासा. सर्व्हिस वायरला आधार देणारी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार पत्र्याच्या कडेला घासते, वायरचं आवरण फाटतं आणि पत्रा, खिळा, त्याला बांधलेली कपडे वाळवायची तार, सगळं जिवंत होतं. कोकणात पावसाळ्यात मी हे वारंवार पाहतो.

जे खाजगी वायरमन म्हणून काम करणार आहेत त्यांनी मीटरच्या अलीकडे, खांबाकडे, जायचंच नाही. ती तार तुमची नाही. ग्राहकाला वीज कंपनीच्या 1912 या नंबरला फोन करायला लावा. आणि लाइनवरच्या मुलांनो, "चालूवरच करून टाक, पाच मिनिटांचं काम" असं वाडीतले म्हणतील, कधी वरचेही म्हणतील. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांप्रमाणे त्यासाठी नेमलेल्या माणसाशिवाय कोणी चालू लाइनवर काम करायचं नाही, आणि अशा कामात मदतही करायची नाही. शिकाऊ म्हणून तुम्हाला शिडी धरायला सांगितली तरी तुम्ही मदतच करत असता. नाही म्हणा. मीही आता सर्व्हिसचं काम चालूवर करत नाही.

त्या दिवशी वरिष्ठ धावत आले आणि मला खाली घेतलं. ते ओरडले नाहीत. झटका लागून माणूस बोलत-चालत असला तरी हृदय नंतर दगा देऊ शकतं, म्हणून आधी तालुक्याला नेऊन माझा ईसीजी काढला. मग आम्ही परत वाडीत आलो. मला त्यांनी अंगणात बसवलं आणि बघायला सांगितलं. काकींकडचा मेन बंद. किटकॅट खिशात. दिवा तीनदा लावला. काळी पडलेली तार कापून, घासून, नवा क्लॅम्प बसवला. किटकॅट परत. घरात फ्रिजचा आवाज सुरू झाला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं लागली होती.