परीक्षण लिहिताना भेटणारे दोन ‘मी’

माझे पहिले पुस्तक परीक्षण एका साप्ताहिकाच्या संपादकांनी परत पाठवले, तेव्हा समासात पेन्सिलीने एक उभी रेघ ओढलेली होती. साडेसहाशे शब्दांच्या मजकुरातील जवळजवळ साडेचारशे शब्दांच्या शेजारून ती खाली आली होती आणि तिच्या टोकाशी एवढेच लिहिले होते : ‘हे कथानक झाले.’ तेव्हापासून कादंबरीचे कथानक मी तीन-चार वाक्यांत, तेही पूर्वार्धापुरतेच सांगते. उरलेली जागा गोष्ट कोण सांगत आहे, काय दडवत आहे आणि ती भाषा त्याच्या तोंडी शोभते का, या प्रश्नांना देते.

नव्याने लिहू लागणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, केवळ कादंबऱ्या किंवा केवळ चरित्रे हाती घेऊ नयेत. नाशिकमध्ये १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. तिथून मी एक कथात्म आणि एक माहितीपर अशी जोडीनेच पुस्तके आणत असे. एका प्रकारच्या वाचनाने दुसऱ्या प्रकाराकडे पाहण्याची नजर तयार होते, हे मला नाशिकच्याच दोन लेखकांनी शिकवले.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. दोन्हीकडे ‘मी’ बोलतो, आणि नवा परीक्षक नेमका इथेच चुकतो. लक्ष्मीबाईंचा ‘मी’ घडलेल्या आयुष्याला बांधलेला आहे. म्हणून वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक इतक्या वर्षांनी त्या हसत-हसत सांगतात, तेव्हा आठवणीने त्या प्रसंगांना कोणता आकार दिला, हे विचारावे लागते. बागुलांच्या शीर्षककथेतील ‘मी’ लेखकाच्या अनुभवाच्या कितीही जवळचा असला, तरी तो कथेने घडवलेला निवेदक आहे. ‘लेखकाला मारहाण झाली’ असे लिहिले, तर त्या कथेची रचना आपण वाचलीच नाही असा त्याचा अर्थ होतो. मी स्वतः ही चूक केली होती आणि छापून आलेले ते वाक्य मला आजही बोचते.

कथासंग्रहातील प्रत्येक कथेला एकेक वाक्य वाटू नये, दोन-तीन कथा निवडून त्यांच्यावरच नीट लिहावे. मलपृष्ठावरचा मजकूर आपले लेखन पूर्ण झाल्यावरच वाचावा. परिचिताचे पुस्तक शक्यतो घेऊच नये.

माहितीपर पुस्तकाचे काम अधिक कष्टाचे असते, कारण तिथे शैलीच्या आधी माहिती तपासावी लागते. संदर्भसूची पाहावी, टिपा पाहाव्यात आणि आपल्याला पडताळता येईल असे निदान एक विधान पुस्तकाबाहेर जाऊन तपासावे. द्राक्षशेतीवरच्या एका पुस्तकात नाशिक भागात वेलीची वर्षातून एकदाच छाटणी होते असे लिहिले होते. निफाड तालुक्यात मामांची बाग आहे. मी ते पान त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून परिच्छेद दोनदा वाचला आणि मला बांधावर नेऊन एका वेलीची काडी हातात धरून दाखवली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यानंतर फुटणाऱ्या काडीत पुढच्या घडांची तयारी होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास त्याच काडीवर फळछाटणी केली की घड बाहेर येतात. ‘एकच छाटणी धरली, तर यांच्या खर्चाचा हिशेबच चुकला की गं,’ मामा म्हणाले. घरी येऊन पाहिले, तर एकरी मजुरीच्या कोष्टकात खरोखरच एका छाटणीची मजुरी धरलेली नव्हती.

परीक्षणात मी ती चूक पृष्ठक्रमांकासह नोंदवली आणि तिचा परिणाम कोणत्या कोष्टकावर होतो, तेही सांगितले. बाजारपेठ आणि निर्यातीवरचे प्रकरण मात्र भक्कम होते, म्हणून अर्धी जागा मी त्या प्रकरणालाच दिली.