जुनी लेन्स घेऊन झाडीपट्टीत

आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर लावायला जुनी मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायची, लेन्स हवी असेल तर ऑनलाइन शोधण्याआधी तालुक्याच्या गावातला सगळ्यात जुना फोटो स्टुडिओ गाठा. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड, पवनी, कुठलाही चालेल. लग्नाचे फोटो रोलवर निघायचे तेव्हाचा पेंटॅक्स के-१०००, याशिका नाहीतर रशियन झेनिट बरेचदा तिथल्या कपाटात पडून असतो. मालक म्हणतो, "काहून पाह्यजे भाऊ? रोल तं भेटत नाही आता." रोल नकोच आहे. आपल्याला बॉडीवरची ५०-५८ मिमीची लेन्स हवी आहे, आणि ती तशीच कामाची आहे.

घेण्याआधी अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि आत बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. पांढरे, फाटे फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी. तशी लेन्स फुकटातही घेऊ नका. मग अ‍ॅपर्चरची पाती बघा. तेलकट चकाकत असतील, सावकाश मिटत असतील, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. फोकसची रिंग जड असली तर माझी हरकत नसते, ढिली असलेली मात्र नको. अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सवरच आहे ना, तेही बघून घ्या. ती नसली की अडॅप्टर लावल्यावर अ‍ॅपर्चर हातात राहत नाही.

अडॅप्टर म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारी, आत काच नसलेली धातूची नळी, बस. जुन्या एसएलआरमध्ये (आरशातून बघायच्या कॅमेऱ्यात) आरशासाठी जागा लागायची. त्यामुळे एम-४२ आणि पेंटॅक्स के या माउंटच्या (लेन्स बसवायच्या खोबणीच्या) लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिमीवर बसतील अशा बेताने घडवलेल्या आहेत. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनी ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमी आहे, निकॉन झेडमध्ये १६. उरलेली जागा नळी भरून काढते. निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसावाल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, हेच अंतर ४६.५ मिमी, म्हणजे आधीच जास्त. तिथे एम-४२ लेन्स लावली की लांबचं काही स्पष्ट होत नाही. काच घातलेले अडॅप्टर मिळतात, पण चांगल्या लेन्समागे स्वस्त काच कशाला लावायची?

कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्स नसतानाही शटर उडू देण्याची सोय असते, ती चालू करा. नाहीतर कॅमेरा ढिम्म बसून राहतो. मोड ए, म्हणजे भोक आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरण्याची सोय) असेल तर लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा त्यात भरा. सेन्सर छोटा असला तरी ५० चे ५०च, ७५ नाही. एम-४२ लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असला तर तो मॅन्युअलवर ठेवा.

फोकस पीकिंगची, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवण्याच्या सोयीची, सगळे तारीफ करतात. आमच्याकडे पिकलेल्या धानाच्या बांधीत ते लावून बघा. प्रत्येक लोंबीला लाल कड येते, आणि बांधीत उभी असलेली मावशी फोकसमध्ये आहे की तिच्या मागचा धान, काही कळत नाही. तिथे स्क्रीनवरचं चित्र मोठं करून डोळ्यांवर फोकस करावा. पण चालत्या माणसाला तेवढा दम नसतो. म्हणून मी दिवसा डोळ्याने फोकस करतच नाही, अंतर आधीच लावून ठेवतो.

समजा लेन्स २८ मिमीची आहे आणि कॅमेरा फुल फ्रेम (सेन्सर फिल्मएवढा). अ‍ॅपर्चर एफ/८ आणि अंतर ३.३ मीटर लावलं, की सुमारे १.७ मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. एपीएस-सी (त्याहून छोटा सेन्सर) असेल तर पाच मीटरवर ठेवा, मग अडीच मीटरपासून पुढचं येतं. कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या लेन्सवरच्या खुणांचा हिशेब फिल्मच्या काळातला, म्हणून एपीएस-सीवर एफ/८ लावून एफ/५.६ च्या खुणा वाचायच्या. आपली ढांग किती लांब पडते, ते अंगणात एकदा मोजून ठेवा, म्हणजे अंतराचा अंदाज येतो. निरभ्र उन्हात आयएसओ १०० ला एफ/८ वर शटर सेकंदाचा चारशेवा भाग. हे पाठ असलं की कॅमेऱ्याच्या लाइट मीटरकडेही बघावं लागत नाही.

याचा खरा उपयोग आठवडी बाजारात होतो. डोळ्याला कॅमेरा लावून रिंग फिरवत बसलं की समोरचा माणूस ताठ होतो, पदर सावरला जातो. त्यापेक्षा "राम राम काकाजी, फोटो काढू का?" एवढं विचारावं, बोलत राहावं, आणि छातीशी धरलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबावं. बैलबंडी येत असेल तर रस्त्यावरचा एखादा दगड हेरून त्याच्यावर फोकस करायचा आणि चाक दगडाशी आलं की दाबायचं. बैल कुणासाठी थांबत नाहीत, पण वाट ठरलेली असते.

सगळ्या लांबच्या दृश्यांना मात्र रिंग शेवटपर्यंत फिरवू नका. बरेच अडॅप्टर किंचित आखूड असतात, रिंग अनंताच्याही (सगळ्यात लांबच्या फोकसच्याही) पुढे जाते आणि डोंगर भुरकट येतो. सकाळी चित्र मोठं करून एकदा तपासा आणि रिंगवर खूण करा. दुपारच्या झळांमध्ये हे जमणार नाही.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली, झाडीपट्टीची नाटकं लागली, की ५० मिमी एफ/१.८ बाहेर काढायची. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळपास दहापट उजेड आत घेते. पूर्ण उघडल्यावर जुन्या काचेत दिव्यांभोवती थोडं धुकं येतं. मला ते नाटकाच्या मांडवात शोभतं असं वाटतं, पण चेहरे धुवून निघाले तर एफ/२.८ करा. मागे काळोख असल्यामुळे लाइट मीटर फसतो आणि चेहरे पांढरेफटक होतात, म्हणून इथे मोड एम, सगळं आपणच ठरवायचं. शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला तर एलईडीच्या लुकलुकण्याचे पट्टे सहसा पडत नाहीत, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. नट रंगमंचाच्या पुढच्या कडेला येऊन वाक्य टाकतोच. पडदा उघडण्याआधी त्या कडेवर फोकस करून बसा. आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या आडवे येऊ नका, नाटक त्यांचं आहे.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा लेन्स गाडीच्या डिकीत ठेवू नका. जुनं ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल पात्यांवर उतरतं. पावसाळ्यात उलट ओल. सोबत मिळालेलं चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवतं, ते काढून टाका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवा, पुड्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर सुकवा, आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा.