केबल इंटरनेट मंदावल्यास मोडेम बंद करण्याआधी काय पाहावे

घरातील इंटरनेट मंदावले की बहुतेक जण मोडेम बंद करून पुन्हा चालू करतात आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला तरी पहिली सूचना तीच मिळते. बऱ्याचदा त्याने वेग परतही येतो. परंतु दोष कोठे होता हे सांगणारी मोडेममधील मोजणी त्याच क्षणी शून्यावर जाते आणि काही दिवसांनी तीच अडचण पुन्हा उद्भवली की तक्रार करताना आपल्या हाती काहीच पुरावा नसतो. म्हणून आधी नोंद आणि मग रीस्टार्ट, हा क्रम कटाक्षाने पाळावा, असा माझा आग्रह आहे.

सर्वप्रथम आपले जोडणीचे माध्यम कोणते, हे पाहावे. मोडेमच्या मागे जाड, गोल, मधोमध तांब्याची एकच तार असलेली आणि पिळून बसवायच्या कनेक्टरची वायर असेल, तर ती कोअ‍ॅक्शियल केबल होय. टीव्हीच्या याच वायरीवरून येणाऱ्या इंटरनेटला ‘डॉक्सिस’ नावाचे तंत्र लागते. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांकडे आणि आपल्याकडील शहरांतल्या काही जुन्या केबल जोडण्यांमध्ये हीच व्यवस्था आढळते. बारीक वायर आणि हिरवा कनेक्टर असेल तर ते फायबर आहे, आणि इमारतीतील स्विचमधून थेट लॅन केबल घरात आली असेल तर तो तिसरा प्रकार झाला. या लेखातील मोडेम आणि स्प्लिटर (एका वायरीच्या दोन-चार वाटा करणारी डबी) यांविषयीचा भाग फक्त पहिल्या प्रकाराला लागू पडतो; बाकीचे बरेचसे सर्वांना उपयोगी आहे.

वेग खरोखरच कमी आहे की आपली अपेक्षा चुकते आहे, हेही तपासावे. प्लॅनमधील आकडा मेगाबिटमध्ये असतो, तर फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइटमध्ये वेग दाखवतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) प्लॅनवर सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट दिसले, तर जोडणी अगदी ठणठणीत आहे. भारतातील अनेक प्लॅनमध्ये महिन्याचा ठरलेला डेटा संपला की वेग आपोआप उतरवला जातो. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये वापराचा आकडा पाहिला की ही शंका लगेच फिटते.

आता मोजणी. राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडावा, त्याचे वाय-फाय बंद करावे, घरातील इतर उपकरणे थोडा वेळ जोडणीवरून काढावीत आणि मगच स्पीड टेस्ट घ्यावी. मोबाइलवर, दुसऱ्या खोलीत बसून घेतलेली टेस्ट वाय-फायचे आरोग्य सांगते, केबलचे नव्हे. मोठ्या प्लॅनवर वायरीने जोडूनही आकडा ९४-९५ एमबीपीएसच्या पुढे सरकत नसेल, तर त्यात कंपनीचा दोष बहुधा नसतो: गिगाबिट जोडणीला लॅन केबलमधील आठही तारा लागतात, त्यांतील एक जरी तुटली किंवा नीट टेकली नाही तरी दोन्ही उपकरणे बहुधा मुकाट्याने १०० एमबीपीएसवर उतरतात. जुन्या राउटरचे पोर्टच तेवढ्या क्षमतेचे असू शकतात. केबल बदलून पाहणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वायरीवर वेग पूर्ण मिळतो आणि वाय-फायवरच तो घटतो, असे आढळल्यास राउटर टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटातून काढून मोकळ्या, उंच जागी ठेवावा आणि जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्‌झचे नेटवर्क द्यावे, कारण दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलल्याने डाउनलोडचा वेग वाढतो असे सर्रास सांगितले जाते. त्याने पान उघडायला लागणारा वेळ किंचित कमी होऊ शकेल. जोडणीची क्षमता वाढत नाही.

वायरीवरही वेग कमीच असेल, तर मोडेमचे स्वतःचे पान उघडावे. बहुतेक केबल मोडेमचा पत्ता १९२.१६८.१००.१ असा असतो. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाकावा. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतील, तर पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या चिकटपट्टीवर सापडतो. या पानावरील तक्त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण निदानाचा गाभा येथेच आहे. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे कंपनीकडून मोडेमकडे येणाऱ्या सिग्नलची शक्ती, साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (ही शक्ती मोजण्याचे एकक) या मर्यादेत असावी. सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, म्हणजे एसएनआर, ३३ डेसिबलच्या वर असावे. अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेमकडून कंपनीकडे जाणाऱ्या सिग्नलची शक्ती, सुमारे ३५ ते ४९ डीबीएमव्हीच्या दरम्यान शोभते. येथे जास्त आकडा म्हणजे चांगला, असा समज करून घेऊ नये. आकडा ५० च्या पलीकडे गेला असेल, तर वाटेत सिग्नल इतका गळतो आहे की मोडेमला आपले म्हणणे कंपनीपर्यंत पोहोचवण्यासाठी ओरडावे लागत आहे. ‘अनकरेक्टेबल’ या रकान्यात दुरुस्त न होऊ शकलेल्या डेटाची मोजणी असते. तिथला आकडा टिपून तासाभराने पुन्हा पाहावा. तो थांबलेला असेल तर काळजी नाही, भराभर वाढत असेल तर वायरीतच दोष आहे.

त्याच तक्त्यात किती वाहिन्या (एकाच वायरीवरून डेटा वाहणारे वेगवेगळे पट्टे) जोडलेल्या आहेत, हेही मोजावे. २००६ साली आलेल्या डॉक्सिस ३.० ने अनेक वाहिन्या एकत्र बांधण्याची सोय केली आणि अमेरिकेतील ६ मेगाहर्ट्‌झच्या एका वाहिनीतून सुमारे ३८ एमबीपीएस मिळतात. म्हणून आठ वाहिन्यांचा मोडेम ३०० च्या आसपास थकतो, त्याला ५०० चा प्लॅन देणे व्यर्थ आहे. मोडेम २४ वाहिन्यांचा असून तक्त्यात मोजक्याच दिसत असतील, तर गोंगाटामुळे बाकीच्या बहुधा गळून पडल्या आहेत. रीस्टार्ट केल्यावर त्या पुन्हा जोडल्या जातात आणि वेग परत येतो; रीस्टार्टने तात्पुरता गुण येण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो.

आकडे बिघडलेले असतील, तर वायरीचा माग घरापासून बाहेरच्या दिशेने काढावा. प्रत्येक कनेक्टर हाताने घट्ट करावा, गंजलेला किंवा मधली तार वाकलेला दिसला तर बदलून घ्यावा. स्प्लिटरकडे विशेष लक्ष द्यावे. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ३.५ डेसिबल सिग्नल जातो, म्हणजे अर्ध्याहून अधिक शक्ती तेथेच संपते. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ७ जातो. शक्य असल्यास स्प्लिटर थोडा वेळ काढून वायर थेट मोडेमला जोडावी आणि तक्ता पुन्हा पाहावा. टीव्हीसाठी लावलेला जुना बूस्टर वाटेत असेल तर तो हमखास काढावा. त्यातील पुष्कळसे सिग्नल केवळ एकाच दिशेने वाढवतात आणि मोडेमकडून परत जाणारा सिग्नल अडवतात. न वापरलेल्या खोलीतील उघडे तोंडही बाहेरचा गोंगाट आत घेते, त्यावर ७५ ओहमचे टर्मिनेटर बसवावे. आपल्याकडे गच्चीवरून आणि सज्ज्यावरून उघड्या वायरी नेण्याची पद्धत असल्यामुळे पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरते. पाऊस पडला की वेग घसरतो आणि चार दिवस ऊन पडले की सुधारतो, असा क्रम दिसला, तर तेवढे सांगूनही तंत्रज्ञाला नेमकी जागा शोधणे सोपे जाते.

अपलोडकडे सहसा कोणी पाहत नाही. डाउनलोड होणाऱ्या डेटाची पोच सतत उलट दिशेने पाठवावी लागते, आणि केबलवर ती वाट मुळातच अरुंद असते. मोबाइलमधील फोटोंचा बॅकअप किंवा सीसीटीव्ही कॅमेरे यांनी ती भरून गेली, की पोच रखडते आणि डाउनलोडही रखडते. बॅकअप रात्री उशिरा होईल असे ठरवून द्यावे; राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची, म्हणजे कोणत्या वापराला किती वेग द्यायचा हे ठरवण्याची, सोय असेल, तर अपलोडची मर्यादा मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली बांधून पाहावी.

तक्त्यातील सगळे आकडे चांगले आहेत आणि तरीही रोज रात्री आठ ते अकरा या वेळेतच वेग पडतो, पहाटे मात्र पूर्ण मिळतो, असे असेल तर दोष घरात नाही. केबलवर एका नोडमधील (परिसरातील घरांना जोडणारे कंपनीचे केंद्र) अनेक घरे एकच क्षमता वाटून घेतात, आणि ती अपुरी पडू लागली की कंपनीने नोडची विभागणी करणे किंवा वाहिन्या वाढवणे हाच इलाज उरतो. अशा वेळी मोठा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला तरी तो घेऊ नये, कारण अपुरी पडणारी वाहिनी तीच राहते. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री वायरीने टेस्ट घेऊन वेळेसह नोंद ठेवावी.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढे सांगू नये. वायरीवरील वेग, त्याची वेळ, तक्त्याचा फोटो आणि स्प्लिटर काढल्यावर पडलेला फरक, हे सर्व लेखी कळवावे. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) मिळालाच पाहिजे, आणि निवारण समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. अमेरिकेत एफसीसी या तेथील दूरसंचार नियामकाकडे विनामूल्य तक्रार नोंदवता येते व कंपनीला तिचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. तंत्रज्ञ घरी आल्यावर त्याने वायर किंवा कनेक्टर बदलला, तर तो असतानाच मोडेमचे पान पुन्हा उघडावे, नवे आकडे जुन्या फोटोशेजारी ठेवून पाहावेत आणि अपस्ट्रीम पॉवर खाली आलेली नसेल, तर काम पूर्ण झाल्याची सही देऊ नये.