जुन्या ट्विनचं टॅपेट आणि टायमिंग: शिकायला येणाऱ्यांसाठी

मुंबईत जुन्या ट्विनचं, म्हणजे दोन सिलिंडरच्या मोटरसायकलचं, काम शिकायला येणाऱ्या पोरांना माझं पहिलं सांगणं हेच, की नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीच्या टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप ठरवणाऱ्या स्क्रूला, हात लावू नका. गाडी रात्रभर उभी राहू दे. गिऱ्हाईक कितीही घाई करो, गॅपचं माप थंड इंजिनाचंच असतं.

माझा हात १९६९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० वर बसला. ६५० सीसी, दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. नवा पोरगा इथेच अडतो. दोन्ही वर म्हणजे दोन्हीकडे कॉम्प्रेशन असं त्याला वाटतं. पण एक कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा दुसरा एक्झॉस्टवर. म्हणूनच डावा इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की उजवा पूर्ण बंद असतो, तेव्हा उजव्या इनलेटचं टॅपेट सेट करायचं, मग उलट. एक्झॉस्टलाही तेच. प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा.

इनलेट ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.१०. इतकी पातळ पाती लगेच वाकते, म्हणून चोरबाजारातलं गंजकं फिलर गेज (गॅप मोजायच्या पात्यांचा संच) नको, नवंच घ्या. रॉकर बोटांनी हलवला की जेमतेम एक टिक जाणवते, तिची सवय लावून घ्या. चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना स्क्रू सोबत फिरतो, त्यामुळे आवळल्यावर गॅप पुन्हा बघायचाच. थोडं वाजणारं टॅपेट परवडलं, टाइट नको. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर टेकूनच गार होतो. नीट टेकला नाही तर जळतो.

रॉयल एनफिल्डच्या नव्या ६५० मध्ये इग्निशन ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर, सांभाळतो, पण टॅपेट अजून स्क्रू-नटचंच आहे. म्हणजे हा हात तिथेही कामाला येतो.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावण्याआधी पॉईंटचा (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी. गॅप वाढला की पॉईंट लवकर उघडतो आणि टायमिंग ॲडव्हान्स होतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. क्रम चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं. फुल ॲडव्हान्स टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ३८ अंश आधी. इंजिन चालू करून ॲडव्हान्स पूर्ण होईपर्यंत रेस द्या आणि स्ट्रोब (ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा) अल्टरनेटरच्या रोटरवरच्या खुणेवर मारा, आधी एका सिलिंडरच्या प्लगच्या वायरला जोडून, मग दुसऱ्याच्या. एकाची खूण जुळली म्हणून दुसऱ्याची जुळेलच असं नाही. जी बाजू सरकलेली दिसेल, तिच्याच पॉईंटची प्लेट हलवा.