बैठकीची खोली बसावीशी कशी वाटेल?

फर्निचरच्या दुकानात धावण्याआधी संध्याकाळी सातला ट्यूबलाइट बंद करून बघा. बऱ्याच बैठका त्या एका पांढऱ्याफटक उजेडामुळेच दवाखान्यासारख्या दिसतात. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर. बसायच्या जागी पिवळसरच घ्या. छताला एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे खाली, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला ठेवा. उजेड भिंतीवर पडू दे, डोळ्यांत नको. पांढरा दिवा काढून मात्र टाकू नका, वेगळ्या बटणावर राहू द्या. यावरून सासूबाईंचा आणि माझा वाद अजून चालू आहे, पण त्यांचंही खरंच आहे. पिवळ्या उजेडात तांदळातले खडे दिसत नाहीत.

मग आवाज. गुळगुळीत टाइल्स, कोऱ्या भिंती, काचेचं टेबल अशा खोलीत टाळी वाजवा, घुमते. जाड सतरंजी, कापडी पडदे आणि पुस्तकांचं उघडं कपाट एवढ्यानेही बराच फरक पडतो.

पश्चिमेच्या खिडकीला चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काचेतून घरात शिरलेलंच असतं.

सोफ्याने खिडकी अडवू नका, वारा तिथेच थांबतो. बसणाऱ्याची पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे असली की पाहुणासुद्धा मांडी घालून बसतो. आणि शोकेस? माझं ऐकाल तर काढाच.