गावच्या रानाची माहिती गोळा कशी करायची आणि सगळ्यांपर्यंत पोचवायची कशी

जैवविविधता कायदा २००२ चा, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही (गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दलची लोकांची माहिती लिहिलेली वही) असायला हवी. तर आधी पंचायतीत जाऊन ती वही बघायला मागा. बहुतेक असेलच, कारण राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर घाईघाईत ढीगभर वह्या झाल्या. उघडलीत की बऱ्याचदा वड, पिंपळ, आंबा, जांभूळ अशी कुठल्याही गावाला चालेल अशी यादी निघते. असू दे, तिच्यातच भर घालायची.

मग माणसं शोधा. सरपंच, गुरुजी यांच्याकडे सगळेच जातात हो, पण रान खरं माहीत असतं ते गुरं राखणाऱ्याला, बाजारात रानभाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना, ओढ्यात खेकडे धरणाऱ्या पोरांना. मीटिंगला बोलावलं तर ही माणसं गप्प बसतात, म्हणून त्यांच्यासोबत शिवारफेरी करा, विचारून फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि "या झाडाचे उपयोग सांगा" असं तोंडी परीक्षेसारखं नको, हे कधी येतं, कोण तोडतं, पूर्वी किती असायचं, असं गप्पा मारत विचारा. त्यांचा दिवस मोडतो, मजुरी द्या. फुकटात माहिती घ्यायची सवय आपल्याकडे फार आहे.

लिहायचं कसं? ठाणे-रायगडकडची शेवळं ही रानभाजी घ्या. "शेवळं – खाण्यासाठी" एवढं लिहून कोणाला काय कळणार? वळवाचा पाऊस पडला की मृगाच्या आसपास कोंब वर येतात, कंद न उपटता वरूनच मोडून घ्यायचे म्हणजे पुढच्या वर्षी परत येतात, आणि भाजीत काकड नावाच्या झाडाची फळं घालायची नाहीतर घसा खाजतो (चिंच घालूनही भागवतात, पण जुन्या बायकांना ते पटत नाही). म्हणजे शेवळांच्या नोंदीत काकडाची झाडं किती उरलीत तेही आलंच. महिन्यासोबत नक्षत्र लिहा, आणि नावं वाडीवाडीला बदलतात, फोडशीची भाजी कुठे कुलू असते, तर सगळी लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय लिहायचं नाही. पश्चिम घाटातलं नरक्या हे झाड कॅन्सरच्या औषधासाठी लागतं हे बाहेर कळल्यावर त्याची बेसुमार तोड आणि तस्करी झाली. त्यामुळे अशा झाडांची जागा, लोकेशनवाले फोटो ग्रुपवर टाकू नका, वैदूने सांगितलेलं औषध त्याच्या परवानगीशिवाय तर अजिबात नको. काय उघड, काय गावापुरतं, हे सांगणाऱ्यांसोबत बसून ठरवा.

नियमही लिहा: कुऱ्हाडबंदी कुठे, चराई कधी बंद, देवराईतलं पडलेलं लाकूड उचलायचं का. यावर भांडणं होतात, होऊ द्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, तिथे अभ्यासगटात आधी चर्चा होते आणि ग्रामसभा मतदान न घेता सर्वसहमतीने ठरवते. वेळ लागतो, पण नियम पाळले जातात.

शेवटी वही ग्रामसभेत मोठ्याने वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांनीच तर सांगितलंय, चुका तेच पकडतील. दुरुस्त्या झाल्या की शाळेच्या भिंतीवर शिवाराचा नकाशा रंगवा, उघड करायच्या नोंदींच्या झेरॉक्स प्रत्येक वाडीत एकेक ठेवा, आणि पावसाळ्यात फेरी केली असेल तर उन्हाळ्यात परत एकदा करा, कारण आटणारे आणि टिकणारे पाणवठे तेव्हाच कळतात.